फुटपाथविरुद्धची सही

२००६ सालच्या ऑक्टोबरात अहिल्या शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रेसाठी बसली होती. मागच्या खुर्च्यांवरून मराठी कानावर आलं. एक वयस्क आई आणि तिचा मुलगा.

“आई, हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत! तुझे बाबा लायब्ररीत पायी निघाले, हा त्यांचा गुन्हा?”

“अगं, आपल्या घरासमोरच्या रोडला कोणी चालत नाही. मी ड्राइव्ह करून सोडलं असतं.”

“रोज तुझी वाट बघत बसायचं? चालायला जागा नाही, म्हणून रस्त्याच्या कडेनं गेले आणि गाडीनं उडवलं. मांडीचं हाड मोडलंय त्यांचं, संग्राम!”

“आय नो, आई.”

“परवा पाहुण्यांना युरोपचे फोटो दाखवत होतास. म्हणे, एका शहराचे लोक दुसऱ्या शहरात जातात, तिथले फुटपाथ टेपनं मोजतात आणि घरी येऊन तसेच बांधतात. वा!”

“तो माझा जॉब आहे. इथल्या शहरांना मी तेच शिकवतो.”

“मग आपल्या गल्लीला का नाही शिकवलंस?”

“फुटपाथचं प्रपोजल आलं होतं. लोकांनी पिटिशन करून कॅन्सल केलं.”

“कुठल्या लोकांनी?”

अहिल्याच्या हातातलं मासिक तसंच उघडं राहिलं.

“संग्राम, मी विचारतेय.”

“आपल्या लॉनचे सहा फूट जाणार होते, आई.”

“तू सही केलीस?”

“सगळ्यांनीच केली.”

तेवढ्यात नर्सनं येऊन सांगितलं, पेशंटला आता भेटता येईल.

“आई, प्लीज. बाबांना हे सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? तूच सांगशील, माझ्यासमोर. ऊठ.”