हरित पट्ट्याची पाहणी

राव, कंपनीत जन्मभर ऑडिटं दिलेल्या माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करू नका. आम्ही केलं, पाटीलकाकांना.

रावेतला आमच्या भिंतीमागे ओढा आहे. महापालिकेचं पत्र आलं, ‘काठापासून नऊ मीटर हरित पट्टा राखावा. सोमवारी पाहणी.’ काठावर करंज, उंबर, कमरेएवढं गवत, सगळं आपसूक वाढलेलं. काकांनी रविवारीच जेसीबी बोलावला.

मी ओरडलो, “काका, हाच तो पट्टा!”

“पाहणीच्या आधी एवढा कचरा ठेवतात का?”

सोमवारी साहेब आले. उघडी माती, कडेनं कंपनीत आखतात तशी पिवळी रेघ, मधोमध कोरी करकरीत पाटी: ‘हरित पट्टा’.

साहेब चक्रावले. “पट्टा कुठाय?”

काका छाती फुगवून म्हणाले, “हा काय! गवताची एक काडी सापडली, तर राजीनामा देतो.”