शांता राहते कुठे

माझं नाव भामा, नवरा दत्तोबा टांगेवाला. वय तीसेक लिहा. धंदा घरकाम. राहणार अंबरपेठ, हैदराबाद. हिमायतनगरचा पत्ता मधे कसा आला ते पुढे सांगतेच. दिनांक ८ जुलै १९५२ रोजी ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

हिमायतनगरला वकिलाच्या घरी, पद्मावतीबाईंकडे, मी दिवस उगवल्यापासून दिवे लागेपर्यंत धुणंभांडी करते. अंबरपेठेत नुसती निजायला जाते. मुलगी शांता माझ्याबरोबरच असते.

शाळा दोन्हीकडे सरकारीच आहे. आमच्याकडे वर्ग चार, मास्तर एक, आणि मास्तरांचं किराणा दुकान चांगलं चालतं. हिमायतनगरला साहेबलोक राहतात, तिथे बाकं आहेत आणि बाकांसमोर शिकवणाऱ्या बाईही असतात. निजामशाही गेली तेव्हा सगळ्यांच्या पोरींना शाळा, असं भोंग्यावर सांगत गाडी अंबरपेठेतही फिरली होती. मी ते मनावर घेतलं. पण त्या शाळेत त्याच मोहल्ल्यातल्या मुली घेतात. म्हणून पद्मावतीबाईंना विचारून, शांता त्यांच्या घरी राहते असं सांगितलं. आता ती तिसरीत आहे.

यंदा पद्मावतीबाईंच्या शेजारच्या मुकुंदरावांच्या पुतणीला तिथे जागा मिळाली नाही. राग येणारच. शांता इथली नाही अशी त्यांनी तक्रार केली, म्हणून काल हेडबाई आणि जमादारसाहेब खात्री करायला बाईंच्या घरी आले. मुकुंदरावही आले. पद्मावतीबाई म्हणाल्या, मुलगी इथेच राहते. हेडबाईंनी शांताकडे पाणी मागितलं.

शांता सवयीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "बाई, पाणी." आम्हाला तिथून आत जायची रीत नाही, पाणी वरून ओंजळीत घालतात. मुकुंदराव हसले.

"देखे क्या जमादारसाब, घर की बच्ची बाहरीच खडी है."

शाळेतून नाव कटलंच म्हणून समजले.

पद्मावतीबाई म्हणाल्या, "शांता, आत जा. हंड्यातलं घे."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मीच कधी आत गेले नव्हते, तिला काय सांगणार? ती गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. हेडबाई पाणी प्यायल्या.

हंडा बाटला म्हणून आज सकाळी घासायला बाहेर येणार, हे धरूनच मी चिंच आणि राख काढून ठेवली होती. हंडा आला नाही. मला फार बरं वाटलं. हे जबाबात बसत नसेल तर गाळावं.

शांताचा पत्ता कुठला लिहायचा ते साहेबांनी ठरवावं, नाव तेवढं कापू नये.

जमादारसाहेबांना मराठी वाचता येत नाही, मला काहीच वाचता येत नाही. ठाण्यातल्या मुन्शींनी लिहिलेलं हे सगळं शांताने मोठ्याने वाचून दाखवलं. कुठेही अडली नाही. मी सांगितलं तसंच आहे, म्हणून खाली अंगठा देते.