दसऱ्याला आतून सफाई

चिखलीत कंपन्यांच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मेंटेनन्सवाले उभे होते.

"भिमाजीअण्णा, तुमचं प्रेस मशीन अजून बंदच?"

"दसऱ्यापासून. तिन्ही शिफ्ट हात बांधून बसल्यात."

"पूजेचं पाणी आत गेलं का?"

"न्हाई रं ज्ञानेश. आमी बाहेरून पुसलं. वाकडचे नवे साहेब म्हणाले, मशीनचा कॉम्प्युटर मी आतून साफ करतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी त्यांनी कचरा म्हणून उडवल्या."

"अन् मशीनच्या सगळ्या सेटिंग तिथंच!"

"तिथंच."

"सगळ्या गावाचे दागिने एका पेटीत ठेवले की असंच होतं, अण्णा. आमच्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स; तिथं प्रत्येक गोष्टीची वेगळी, साधी फाइल. उघडा, वाचा, बदला."

"व्हय, म्हणून ज्याला वाचता येतं तो बदलतो. मागल्या महिन्यात तुमची लाईन चार दिवस का बंद होती?"

"फाइलच्या कॉप्या होत्या की! 'फायनल', 'नवीन फायनल', 'हीच फायनल'."

"खरी कुठली निघाली?"

"ते सोडा. तुमचे साहेब काय म्हणतात?"

"काल म्हणाले, मशीनवरचा पूजेचा हार सुकलाय, काढून टाका. म्हटलं, राहू द्या साहेब, आता तेराव्यालाच काढू."