लवंगा टोचलेली संत्री

“संत्र्याची गं साल, उन्हात वाळते, माहेराची वाट, वासानं कळते,” असं पद्मजाताईंची नागपूरची मावशी साली वाळवताना गुणगुणायची. राजधानीत द्वारकेकडे जाणाऱ्या मेट्रोत शेजारच्या सासू-सुनेच्या पिशवीतून संत्र्यांचा दरवळ आला आणि तो जुना आवाज ताईंच्या कानी आला. इतक्यात सून चक्क मराठीतच बोलली.

“आई, नाताळच्या भेटी द्यायला निघालोय, आता तरी खरं सांगा. घरात वासासाठी ठेवायच्या या संत्र्यांवर दालचिनी जास्त झालीये का?”

“छान आहे, उल्का.”

“काल नुसतं संत्रं हुंगायला दिलं, एकही लवंग न टोचलेलं. तेही छानच होतं!”

“असेल बाई.”

“आणि एक तुमच्या उशाशी सडलं. अख्खं घर नाक दाबून फिरतंय, यार, आणि तुम्ही आरामात शब्दकोडं सोडवताय!”

“हळू बोल गं, लोक ऐकतात.”

“इथे कुणाला मराठी कळतंय?”

पद्मजाताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

“लवंगा टोचून टोचून बोटं सोलली माझी. तुम्हाला माझी संत्री नावडतात, की मीच?”

“वेडी की काय! अगं, नावडायला आधी वास तर यायला हवा. त्या तापापासून मला कसलाच वास येत नाही.”

“देवा! मग बोलला का नाहीत?”

“स्वयंपाकघर काढून घेशील म्हणून.”

“हुश्श! एवढंच ना? फोडणी तुम्हीच घालायची, आई. वास मी घेईन.”