चेरी, अक्रोड आणि उन्हाची फळी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या वखारीतलं लाकूड आम्ही गेली तीस वर्षं कापत आलो ते शेठजी. आजच्या सत्कारमूर्ती ताई. त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेले त्यांचे यजमान. कापणी, घासणी आणि पॉलिश या तिन्ही खात्यांतले माझे सहकारी, आणि घरची कामं बाजूला सारून आलेली सर्व कुटुंबीय मंडळी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. कारखान्यात माझ्या पाठीमागे मला 'करवत' म्हणतात. ते माझ्या मशीनमुळे की माझ्या तोंडामुळे, हे विचारायचं धाडस मी कधी केलं नाही. तरीही मालकांनी मला बोलायला उभं केलं आहे. खरं सांगायचं तर मीच त्यांच्या मागे लागलो होतो. ताईंचं कौतुक करायला आज पुष्कळ जण आहेत. मला कौतुकाबरोबर त्यांची माफीही मागायची आहे, आणि ती चार लोकांसमोर मागायची आहे, कारण चूकही चार लोकांसमोरच केली होती.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी आधी थोडं आमच्या धंद्याविषयी. आम्ही भिंतीवर लावायची लाकडी चित्रं करतो. दोऱ्यासारख्या बारीक पात्याची करवत असते, स्क्रोल सॉ म्हणतात तिला. ती लाकडातून घोड्याची आयाळ काढते, पक्ष्याचं पीस काढते, माणसाच्या भुवईचा केसन् केस काढते. हे झालं माझं काम. मग ते चित्र मागच्या फळीवर चिकटतं. चित्राला कोणतं लाकूड, मागे कोणतं, कुठे तेल, कुठे मेण, कुठे लाखेचं पॉलिश आणि कुठे काहीच नाही, हे ताई ठरवायच्या. मी कितीही बारीक कापलं तरी चित्र आणि मागची फळी एकाच रंगाची असेल तर बघणाऱ्याला काय दिसणार? कपाळ!

ताई इथे आल्या तेव्हा मला वाटलं, ही बाई तेलाचं फडकं फिरवणार, झालं. पहिल्याच आठवड्यात एक डॉक्टर आले. त्यांना दवाखान्यासाठी धावता घोडा हवा होता आणि सगळं कसं चकचकीत हवं होतं. ताई म्हणाल्या, "घोडा चमकू द्या, मागची फळी मात्र मेण लावून मंद ठेवू." डॉक्टर ऐकेनात. गिऱ्हाईकच ते! दिलं चकचकीत करून. महिन्याभरात घोडा परत आला. भिंतीवर लावल्यावर त्यात घोडा सोडून दवाखान्याच्या सगळ्या ट्यूबलाइट दिसत होत्या म्हणे. ताईंनी "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानेही म्हटलं नाही. मी असतो तर वर्षभर ऐकवलं असतं.

त्यांची लाकूड बघायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. कोरड्या लाकडावर त्यांचा विश्वास नसे. तुकडा हातात घ्यायचा, ओलं बोट फिरवायचं आणि खिडकीपाशी न्यायचा. ओल्या जागी जो रंग उमटतो, साधारण तोच पुढे तेलाने येतो. आमच्याकडे नवीन आलेली मुलं सुरुवातीला हसायची आणि चार महिन्यांनी तीही बोट ओलं करून खिडकीकडे पळायची.

आणि त्या खिडकीतली ती उन्हाची फळी! पाहुण्यांनी जाताना ती जरूर बघावी. एका लांब फळीवर ताईंनी प्रत्येक लाकडाची एकेक पट्टी लावली आणि सगळ्यांवर काळा कागद चिकटवला. दर वर्षी त्या तो कागद एक बोटभर मागे सरकवायच्या. त्यामुळे आज त्या फळीवर कुठल्याही लाकडाचं पंचवीस वर्षांचं वय एका नजरेत दिसतं. पांढरं मेपल थोडं पिवळसर होतं. अक्रोड आज कॉफीसारखं गडद असलं, तरी वर्षानुवर्षं उन्हात फिकं होत जातं. चेरीचं उलटं. नवीन असताना फिकट गुलाबी, आणि उजेड लागला की लालसर, तपकिरी, आणखी गडद. ताई म्हणायच्या, "गिऱ्हाईक दुकानातला रंग बघतं. चित्राला मात्र भिंतीवर म्हातारं व्हायचं असतं."

आता माझी गोष्ट. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. आमच्या हिला मी कधी धड भेटवस्तू दिली नव्हती. ठरवलं, हिचा चेहरा करायचा. एका बाजूने, मान किंचित वळलेली, कानामागे गेलेली बट. सात पाती मोडली त्या एका बटेपायी. चेहऱ्याला चेरी घेतलं, मागे अक्रोड. फिकट चेहरा, गडद फळी. काय उठून दिसत होतं म्हणून सांगू!

चिकटवायच्या आधी ताई आल्या. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी मला हात धरून उन्हाच्या फळीपाशी नेलं. तेव्हा तिच्यावर दहाच वर्षं उमटली होती, पण तेवढ्यातही चेरी चढत होतं आणि अक्रोड उतरत होतं. "भाऊ, ही दोन्ही लाकडं एकमेकांकडे निघालीत," ताई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीवर समोरून ऊन येतं. पंधरा वर्षांनी वहिनींचा चेहरा मागच्या फळीत बुडेल. मागे मेपल लावा. आज थोडं मिळमिळीत वाटेल, पण चेहरा वर्षागणिक उठत जाईल."

सभेतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल मी काय बोललो ते. तिन्ही खाती जेवणाच्या सुट्टीत तिथेच होती. मी म्हणालो, "फडकं मारणाऱ्यांनी कापणाऱ्याला शिकवू नये."

त्या दिवसापासून माझ्या एकाही कामावर ताईंनी स्वतःहून मत दिलं नाही. "कोणतं तेल लावू?" एवढंच विचारायच्या, आणि मी सांगेन ते मुकाट्याने लावायच्या. माझं काम त्यानंतर किती साधारण झालं, हे मालकांना ठाऊक आहे. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. ही मला म्हणायची, "अहो, जा आणि माफी मागा त्यांची, तुमची जीभ काही झिजणार नाही." मी म्हणायचो, बघू. बघू म्हणता म्हणता वर्षं गेली, आणि तीन वर्षांपूर्वी हीच गेली.

गेल्या महिन्यात दुपारी घरी होतो. सहज भिंतीकडे बघितलं. चेहरा दिसेना. जवळ गेलो तेव्हा कापाच्या रेघा दिसल्या, बट दिसली. दोन पावलं मागे आलो, की नुसती एक तपकिरी फळी. हिचा तेवढा एकच चेहरा माझ्याकडे भिंतीवर होता. मंडळी, मी जमिनीवर बसलो आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी चित्र पिशवीत घालून ताईंच्या टेबलावर ठेवलं. ताईंनी बघितलं. वाटलं, आता ऐकवतील. ऐकवायलाच हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मागच्या फळीला मागून रंधा मारा, कागदाएवढी पातळ होईपर्यंत. पुढचं मी बघते." मी रंधा मारला. मग त्यांनी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर ठेवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा ठेवलं. तासाभराने डिंक सुटला आणि चेहरा अख्खा हातात आला. ती बटसुद्धा तुटली नाही.

मी घासायला पॉलिशपेपर उचलला. वरचा थर गेला की खालून पुन्हा गुलाबी चेरी निघतं. ताईंनी माझा हात धरला.

"घासू नका."

"अहो ताई, ती इतकी सावळी नव्हती."

"शेवटची दोन वर्षं खिडकीत बसायच्या ना दिवसभर? उन्हाने अश्शाच झाल्या होत्या."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"मी यायचे की दर गुरुवारी."

पॉलिश खात्याची सुट्टी गुरुवारची. माझी रविवारची. गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो की ही जरा खुशीत असायची, दोन घास जास्त जेवायची. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

परवा ते चित्र पुन्हा भिंतीवर लागलं. मागे मेपल, फक्त मेण लावलेलं. चेहऱ्याला तेलाचा एकच हात. दारातून आत आलो की आधी तीच दिसते.

त्या दिवशीही मी ताईंची माफी मागितली नाही. खोटं कशाला बोलू, सवयच नव्हती. म्हणून आज मागतो. ताई, मी तुमचा अपमान केला. तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे ते कळूनही मी पंधरा वर्षं तोंड शिवून बसलो. मला क्षमा करा.

आता आटोपतं घेतो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमी-जास्त बोललो असेन, तर अडाणी माणूस म्हणून पोटात घाला.

आणि ताई, एक विनंती आहे. परवा मी विचारलं, पुढे पुन्हा रंग बदलला तर काय करू? तुम्ही म्हणालात, "चित्र घेऊन सरळ घरी या." मी मान डोलावली. पण पंचवीस वर्षांत तुमच्या घरी मी एकदाही आलो नाही. जाण्याआधी तेवढा पत्ता लिहून द्या. तो आमच्या हिला ठाऊक होता.