सरांनी तपासलेली माया

समारंभाच्या अध्यक्षा चंद्रप्रभाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती आनंदराज सर, आणि एवढ्या उन्हात आलेल्या धर्माबादच्या सगळ्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी भुजंग. सातवी पास. शाळेच्या समितीत आहे म्हणून बोलायला उभं केलंय.

सरांनी चौतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं. पोरं नोकरीला लागली, मग आम्हा बापांचं इंग्रजी तपासलं. गावात कुणाच्या लेकाचा वाढदिवस आला, की शुभेच्छांचा कागद आधी सरांच्या ओट्यावर. आहे की नाही? हसू नका, तुमच्यातले निम्मे मला तिथंच भेटलेत.

मी का जायचो? चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या, अंबरीशच्या वाढदिवसाला मी घरच्या ग्रुपवर माझ्या हातानं लिहिलं, ‘माय सन, आय ॲम व्हेरी लव्ह यू.’ नऊ वर्षांच्या नातीनं, मृण्मयीनं, ते दुरुस्त करून खाली टाकलं. मग हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. अंबरीशचा फोन आला, "बाबा, कुणाला तरी दाखवून टाकत चला ना. ग्रुपवर माझ्या सासरचे लोक आहेत."

मराठीत लिहावं, तर नातीला वाचता येत नाही. तेव्हापासून माझी माया सरांनी तपासलेली. एकदम शुद्ध. वाचून मलाच शिसारी यायची. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपासारखी ती वाक्यं. त्यात घरचं कुणी चहा पीत नाही.

दोन महिन्यांपूर्वी आमची सिंधु, अंबरीशची आई, न्हाणीत पडली. त्याला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे बाबा, ग्रुपवर टाका." मी लिहिलं, ‘मदर फॉल. लेग ब्रोक. आय फियर. कम.’ आणि कागद घेऊन कुठं गेलो? सरांच्या ओट्यावर! बायको घरात कण्हून राहिली, दवाखान्याची गाडी यायची होती, आणि मी इंग्रजी तपासायला! थू असल्या जिण्यावर. ताई, माफ करा.

सर म्हणाले, "भुजंगराव, आजारपणाचं असं धाडकन लिहीत नसतात. वाचणारा घाबरतो." त्यांनी लिहून दिलं, ‘मदर हॅड अ फॉल. प्लीज डू नॉट वरी.’ एकही चूक नव्हती. अंबरीशचं उत्तर आलं, ‘टेक केअर’, आणि जोडलेले दोन हात. तो आला नाही. का यावा? काळजी करू नको, असं मीच पाठवलं होतं.

सर, तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत. पाठवणारं बोट माझं. नांदेडच्या दवाखान्यात सिंधु अकरा दिवस दाराकडं पाहत विचारायची, "काय लिवलं हो तुमी? अजून कसा न्हाई आला?"

"लई चांगलं लिहिलंय," मी म्हणायचो. स्वतःचीच किळस यायची. तरी खरं काय ते अंबरीशला आजवर सांगितलं नाही.

अंबरीश दुसऱ्या रांगेत बसलाय. सत्काराला हैदराबादहून आला, आणि इथूनच परत निघणार, असं मघाशी म्हणाला. आईशी फोनवर बोलेन, म्हणाला.

अंबरीश, मांडीचं हाड मोडलंय. तुझी आई अजून चालत नाही. मला लई भ्या वाटून राहिलंय. तू गावात आलायस हे मी तिला सांगितलेलं नाही. न भेटता गेलास तर तिला काय सांगू?

सर, चौतीस वर्षांबद्दल गावाच्या वतीनं तुमचे आभार. हे भाषण तुम्हाला न दाखवता वाचलं. काही वेडंवाकडं गेलं असेल, तर सर्वांनी पोटात घालावं. टाळ्या वाजवू नका. अंबरीश, मी दारापाशी थांबतो. घरी चल.