कुपीतली दुसरी चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष ओडवार, फ्योर्डच्या खाडीपलीकडून सकाळची बोट पकडून आलेले पाहुणे, संशोधन केंद्रातले माझे सहकारी आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो त्या गुडवाइगबाई,

टेबलावरचे वाफल निवत चालले आहेत, ठाऊक आहे. पण थोडं थांबा.

बत्तीस वर्षं बाईंनी समुद्रतळाच्या चिखलातून शूककृमी निवडले. तांदळाच्या कणीएवढे जीव, पण अंगावरचे राठ केस नुसते पाहून बाई जात सांगायच्या. मी वर्गीकरणाचा तज्ज्ञ, मला पुस्तक उघडावं लागे. (तूर्गाइर, हसू नकोस, तुलाही लागायचं.)

सात वर्षांपूर्वी मी एक नवी जात जाहीर केली. पाठीवर खवलेच नाहीत अशी! मोठ्या मानाने तिला बाईंचं नाव दिलं. वर्षभरात एका संग्रहालयाचं पत्र आलं: जात जुनीच आहे, खवले गळालेत. या किड्यांना धक्का लागला की ते खवले टाकतात, हे आपल्यात कोणाला माहीत नाही?

मी बाईंची वही उघडली. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "खवले पंधरा जोड्या, शाबूत." म्हणजे ते माझ्याच चिमट्याने गळाले होते, आणि कुपीतलं अल्कोहोल बदलताना मीच ओतून दिले होते. मी वही मिटली. बैठकीत म्हणालो, "निवडताना गळाले असतील."

बाईंच्या हातातला चिमटा गेला. सहा वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या. मी रोज तिथून जात होतो आणि मला लाज वाटत होती, पण तोंड उघडलं नाही.

एकदा धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"मला विचारलं कोणी? आणि एवाल्ड, ती बाटली नीट धर. तुझ्या हाताला घाई फार."

आपल्याकडे कुपीतली जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी काढत नाहीत, शेजारी नवी घालतात. आज सकाळी मी ती घातली. वाचतो: "खवले माझ्या चिमट्याने गळाले. निवडणारीची नोंद बरोबर होती. एवाल्ड." पेन्सिलीने लिहिली आहे, अल्कोहोलमध्ये पुसली जाणार नाही. अध्यक्षांकडे हेच सांगणारं पत्रही दिलं आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. बाकीची क्षमा मी बाईंकडे मागतो. आणि बाई, चार लोकांसमोर मागितली म्हणून "असू दे" म्हणायची तुमच्यावर सक्ती नाही.